ओट्याची उंची

सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठे देऊन झाल्यावर
घोटेकरांनी किल्ल्या दिल्या
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून.
पाथर्डी फाटा, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
हप्ता वीस वर्षं, दर महिन्याच्या पाच तारखेला.
शार्दूल जिन्यात दम खात म्हणाला,
कर्ज फिटेल तेव्हा हे तीन मजले
चढता आले म्हणजे मिळवली.

पहिला रविवार नुसता खरवडण्यात गेला.
पिस्त्याखाली अबोली, अबोलीखाली चुना,
फळीवर अंथरलेल्या पेपरात
कुठल्याशा हंगामातला द्राक्षांचा भाव.
सिंकखाली एक पाट सापडला.
साधाच, आंब्याच्या लाकडाचा,
मधोमध दोन उथळ खळगे.
बाळनाथ मिस्त्री त्यावर डबा खायला बसू लागले.

ओट्यावरून आमचं वाजलं.
मी पाच फूट एक. शार्दूल सहाला दोन बोटं कमी.
त्याची अंबडला सेकंड शिफ्ट,
म्हणजे सकाळचा स्वयंपाक त्याचा.
तो म्हणे छत्तीस इंच, मी म्हणे तीस.
मिस्त्री टेप घेऊन माझ्याचकडे,
"वहिनी, कोपर दुमडा."
मी म्हटलं, त्यांचंही कोपर मोजा.
टेप सर्रकन आत गेली.
"तेहतीस करतो," मिस्त्री म्हणाले,
"दोघांच्या पाठी सारख्याच दुखतील."

मजुरी चालू आणि काम बंद.
भाड्याच्या खोलीत दोन दिवस
आम्ही फक्त टाइल्सच्या बिलाबद्दल बोललो,
तेही चुकलेल्या बेरजेबद्दल.

गुरुवारी घोटेकर काकू आल्या,
विम्याचं पत्र इकडे आलंय का बघायला.
फोडलेल्या स्वयंपाकघरात
चपला घालूनच उभ्या राहिल्या.
मला वाटलं, आता यांचे डोळे भरून येणार.
मी घाईघाईत म्हटलं, ओटा जरा हलत होता, म्हणून.
"बरं केलंत," त्या म्हणाल्या.
"मागच्या नाही, त्याच्या मागच्या सिंहस्थात
आम्ही इथे आलो.
ओटा बिल्डरच्या मापाचा. मी आपली पाटावर.
बावीस वर्षं.
यांना वाटायचं, मी तेवढी उंचच आहे."

मिस्त्री डब्यासकट उठून उभे राहिले.
काकूंनी पाट पायानेच थोडा भिंतीकडे सरकवला.
"राहू दे. मला नाही लागणार.
तिकडे सगळं खाली करून घेतलंय."
पत्र आलेलं नव्हतं.
त्या कठड्याला न धरता जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूलला पाट दाखवला
आणि सगळं सांगितलं,
शेवटचं वाक्य सोडून.
त्याने बूट काढले, खळग्यांत उभा राहिला.
टाचा बाहेर आल्या.
बराच वेळ खाली बघत होता.
मग मी ते वाक्यही सांगून टाकलं.

"दोन उंच्या करू," तो म्हणाला.
"गॅसकडे तीस, सिंककडे छत्तीस.
सकाळचं वाकून करीन,
भांडी ताठ उभा राहून घाशीन."
भांडी हा शब्द त्याच्या तोंडून
मी मिस्त्रींसमोर दोनदा वदवून घेतला.

मिस्त्रींना हे अजिबात पसंत नव्हतं.
ग्रॅनाइट कापावा लागेल.
जोड येईल. जोड आला की पाणी झिरपतं,
कितीही भरा.
"मग मला फोन करायचा नाही."
आम्ही म्हटलं, करू.

आता खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो,
अर्धा. उरलेल्या अर्ध्यापुढे
नव्या बिल्डिंगचे बांबू चढतायत.
माळ्याला दार नाही, दिवाणखान्यात खुर्ची एकच,
तिच्यावर इस्त्रीचे कपडे.
पाटावर कढीपत्त्याची कुंडी ठेवलीय, तगेलसं वाटत नाही.

शार्दूल रात्री बाराला येतो.
मी अर्धवट झोपेत कुलपाचा आवाज ऐकते,
मग स्वयंपाकघरातल्या दिव्याचा खटका.
तो ओट्याच्या पायरीपाशी थांबतो,
जोडावरून एक बोट फिरवतो,
दिव्याखाली धरून बघतो.

मीही बघते,
तो कामावर गेला की.
अजून तरी कोरडा आहे.