तीन नंबरच्या पोटात

फुरसुंगीच्या सबस्टेशनात
तीन नंबरचा ट्रान्सफॉर्मर एकवीस वर्षं
एकाच सुरात घुमतोय.
मुलाणीमामा टाकीला बाभळीची काठी टेकवतात,
दुसरं टोक कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून सांगतात :
आज बरा आहे. आज कुरकुरतोय.
वहीत मात्र रोज ‘नॉर्मल’,
कारण वहीत कुरकुरीचा रकाना नाही.

मी पाषाणच्या लॅबमधून काचेचा धागा आणला,
वेटोळं करून, काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात.
खरी पेटी अजून टेंडरमध्ये होती.
मामांनी धागा उन्हात धरला, तर दिसेचना.
“एवढ्यानं काय कळणार?”

मी म्हटलं, टोकाला पॅलेडियमचा मुलामा आहे.
आत कुठे तेल तापलं, कागद करपला,
की हायड्रोजन सुटतो.
दिसत नाही, वास नाही.
मुलामा तो पितो आणि फुगतो,
धागा ताणतो,
परत येणाऱ्या उजेडाचा रंग कणभर सरकतो.
एरवी सहा महिन्यांतून एकदा सिरिंजने तेल काढायचं,
रिपोर्ट येईतो आंब्याचे दिवस संपलेले.
आणि तांब्याची तार आत सोडावी
तर तीच आग लावायची.

मामा बराच वेळ गप्प.
मग, “म्हणजे ह्यालाही गॅस होतो,”
आणि खिशातली सोड्याची पुडी काढून दाखवली.

बुधवारी पहाटे तीन दहाला
रंग सरकला. चाळीस पिकोमीटर.
आधी मी माझ्याच जोडणीवर संशय घेतला,
मग तापमान वजा केलं,
तरी उरलाच.
मामा काठी घेऊन टाकीपाशी गेले,
इतका वेळ उभे राहिले की कुत्रं येऊन पायाशी बसलं.
“मला काही ऐकू येत नाही,” म्हणाले.
थोड्या वेळानं : “पण बंद करा.”

सकाळभर फोन.
हडपसरहून, दळण गिरणीत अडकलंय.
कुठल्याशा सोसायटीतून, लिफ्टमध्ये कुणी नाही,
पण असतं तर?
एक आजोबा, आवाज न चढवता :
“आज गुरुवार नाही. मग वीज
कोणत्या अधिकारात गेली?”
मी दिलगिरी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी तेल उतरवलं.
मामा कंबरेपर्यंत झाकणातून आत.
टॉर्चचा उजेड भिंतींवर फिरला, फिरला,
आणि एका जागी राहिला.
बाहेर आले तेव्हा तळहातावर
सैल बोल्टाखालच्या कागदाचा तुकडा,
मधोमध काळा डाग,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
“एवढ्याशापायी सगळं तेल...”
पुढचं बोलले नाहीत. हात चिंधीला पुसत राहिले.

संध्याकाळी वही उघडली.
‘नॉर्मल’ लिहिलं, खोडलं.
मग समासात, आडवं, बारीक अक्षरात :
‘बुधवारी रात्री कुरकुरला.
मला ऐकू आला नाही.’
आणि सही,
नेहमीसारखी रकान्याबाहेर गेलेली.