चौदा फुटी

श्रीमती कोस्केलांच्या घरामागे
ती पालथी पडली होती बर्चच्या दोन ओंडक्यांवर,
पाठीवर तीन हिवाळ्यांच्या पाइनच्या सुया.
मोटर नाही. वल्ही दोन, पण जोडीची नव्हेत.
"चारशे डॉलर," बाई म्हणाल्या.
घासाघीस करायला मी तोंड उघडलं
तर त्याच पुढे म्हणाल्या, "गळते.
कुठून, ते ह्यांनाही शेवटपर्यंत सापडलं नाही."
मग कसली घासाघीस.
चारशेच दिले.

एमेट ट्रकमधून उतरला नाही.
तेरा वर्षांचा. लोरेनचा; माझा नव्हे.
दोन वर्षं एका छपराखाली
आणि मला हाक मारायला त्याच्याकडे शब्द नाही.
खाकरतो. किंवा फ्रिजचं दार जरा जोरात लावतो.

गळती शोधायची रीत उलटी असते:
नाव पाण्यात नाही, पाणी नावेत घालायचं.
ट्रेलरवरच बागेचा पाइप आत सोडला,
बाकापर्यंत भरली,
आणि लाल मेणखडू घेऊन मी खाली खडीवर पाठ टेकली.
कुठेतरी पाणी मुरतंय एवढं माहीतच असतं,
कुठे, ते कळायला मात्र
बराच वेळ तोंड मिटून पडून राहावं लागतं.
पहिला थेंब भुवईवर.
दुसरा कण्याच्या पट्टीपाशी.
प्रत्येक रिवेटभोवती एक गोल. नऊ झाले.

"अकरा."
कधी येऊन पलीकडे आडवा झाला होता, कोण जाणे.
"तुम्ही तुमच्याच बाजूचे मोजलेत."

रिवेट एकट्याने बसत नाही.
बाहेरून हातोडा मारणारा एक,
आतून लोखंड दाबून धरणारा एक.
लोखंड माझ्याकडे होतं, दांडा तुटलेल्या घणाचं डोकं,
पेपर मिलला कुलूप लागलं त्या आठवड्यात
जेवणाच्या डब्यातून घरी आणलेलं.
पण पुढच्या बाकाखाली माझे खांदे मावेनात.
तो मावला.

मध्ये पत्रा, नखाएवढ्या जाडीचा.
मी एकदा टकटक करायचं: तयार?
त्याने दोनदा: हाणा.
पाच रिवेट असेच बोललो आम्ही.
सहाव्याला आतून काहीच नाही.
बोट चिरडलं की काय म्हणून मी हातोडा टाकून धावलो,
तर विहिरीतून यावा तसा आवाज:
"इथे काहीतरी कोरलंय. खिळ्याने.
इंग्रजी नाही."

एकेक अक्षर त्याने ओरडून सांगितलं,
मी पावतीमागे उतरवलं,
संध्याकाळी फोनवर बाईंना वाचून दाखवलं.
एइ तॅस्तॅ. माझा उच्चार वाईटच असणार.
पलीकडे भांडी घासायची थांबली.
"'इथून नाही,'" त्या म्हणाल्या, "फिनिशमध्ये."
मग बराच वेळ नळ वाहत राहिला.
"आणि तिथूनच गळत होती?"
हो म्हणालो.
"बघा," त्या म्हणाल्या, "माझं कधी ऐकलं नाही,"
आणि फोन ठेवला.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी
निपिगॉनच्या एका खाडीत उतरवली.
पत्र्यावर लाट वाजते ती लाकडासारखी नाही,
कोणी रिकाम्या पातेल्यात बोटं वाजवावीत तशी.
अकराही रिवेट कोरडे.
मी टोपी काढली, कॉफी ओतली,
आणि माझा डावा मोजा ओला झाला.

एमेट हसला. मला वाटतं पहिल्यांदाच,
निदान माझ्यासमोर.
"डबा दे इकडे," म्हणाला,
कॉफीच्या रिकाम्या डब्याने पाणी उपसलं,
मग खिशातून खिळा काढून
पुढच्या बाकाखाली शिरला, कमरेपर्यंत.
नुसते बूट दिसत होते, आणि खरवडण्याचा आवाज
ज्याने त्या दिवसाचे सगळे मासे पळाले.

काय लिहिलं, मी विचारलं नाही.
तिथे माझे खांदे मावत नाहीत.