तबकडी

कीथलीतल्या आमच्या बोळात आभाळ
दोन धुराड्यांच्या मधलं, वीतभर रुंद.
ऑक्टोबरात शनी डाव्या धुराड्याआडून निघतो
आणि पाऊण तासात उजव्यामागे जातो.
तेवढ्यासाठी माझं वर्षभर सुतारकाम.

दुर्बीण जुनी, सहा इंची आरशाची,
ब्रॅडफर्डच्या एका निवृत्त मास्तरांकडून पन्नास पौंडांत घेतलेली.
ढकलली की अडायची, मग एकदम पळायची,
आमच्या तात्यांच्या स्कूटरसारखी.
दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनचे तीन चौकोन कापून
मी बैठकीवर ठोकले.
त्यांच्यावर फिरवायचं काय, हे सुचत नव्हतं.

कुंपणापलीकडून एनिडबाई सग्डननी विचारलं,
कसली गं ही ठोकाठोक?
सांगितलं. त्या आत गेल्या
आणि हेरल्डच्या कपाटातली एक तबकडी घेऊन आल्या,
कुठल्याशा खाणीच्या ब्रास बँडची.
'चरा पडलाय हिला. तिसऱ्या गाण्यात अडकते. घे.'
आता दुर्बीण त्या बँडवर फिरते,
सायीवरून बोट फिरावं तशी,
आणि कुठेच अडकत नाही.

मग आरशामागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा,
दवासाठी कँपिंगच्या चटईची टोपी,
फोकसच्या बटणाला कपड्यांचा चिमटा.
चिमट्याचं शेपूट जरासं दाबलं
तर बटण केसभर फिरतं.
दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये
रक्ताच्या थेंबावर भिंग खाली आणतात
ती हीच बोटं.

आई फोनवर म्हणते,
शनीकडे असं रोखून बघू नये.
शनिवारी तेल तरी वाहतेस का?
वाहिलं म्हटलं. शिलाई मशीनचं, एक थेंब,
फोकसच्या दात्यांवर.
ती गप्प. मग हसली.
मग म्हणाली, जास्तीचं पुसून घे.

सगळं जमलं, आणि यंदा नेमकी
शनीने आपली कडी आमच्याकडे कडेनं धरली.
मला माहीत होतं. पंधराएक वर्षांनी होतंच असं,
तारखा छापलेल्या असतात.
तरी माणूस चिमटा लावतोच.
भिंगात एक पिवळसर वाटाणा
आणि त्यातून आरपार गेलेली सुई.

एनिडबाईंना आधीच बोलावून बसले होते.
त्या आल्या, कोटावर कोट घालून,
मागच्या दारच्या आपोआप पेटणाऱ्या दिव्याला
पहिल्यांदाच फडकं बांधून.
उलट्या बादलीवर बसल्या, डोळा लावला,
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मी मागून सांगत राहिले:
कडी आहेत, खरंच आहेत,
समोरून पापड, पण कडेनं बघितलं तर...
पापड म्हणाले, मग बिस्कीट म्हणाले,
मग गप्प बसले.

'हेरल्ड असंच करायचा,' त्या म्हणाल्या,
डोळा न काढता.
'नवी तबकडी आणली की आडवी धरायचा नाकासमोर,
एक डोळा मिटून.
वाकलीय का ते बघायला.'

उजवं धुराडं जवळ आलं.
खाली कुणीतरी शेगडी पेटवली असणार,
ऊब वर चढत होती,
सुई पाण्यात पडल्यासारखी लवलवायला लागली.
मी हात घालून चिमटा दाबला, सोडला,
पुन्हा दाबला.

'सरळ आहे,' एनिडबाई म्हणाल्या,
आणि उठायला हात पुढे केला.