इतर

कवडू घोडमारे सकाळीच उपकेंद्रात आला,
म्हणे, "बाई, छातीत हलकं वाटून राह्यलं."
कधीपासून?
"पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून.
पयले फक्त रात्री वाटे, आता जेवतानाई वाटते."

ताप नाही. बीपी बरोबर. जिभेवर थर नाही.
रजिस्टरात खोकला, जुलाब, कावीळ, विंचू, साप,
शेवटी बोटभर जागा: इतर.
तिथं म्या लेहलं, हलकेपणा,
अन् लेहता लेहता मलेच ठसका लागला.
तो ठसका नव्हता.

संध्याकाळी ऐकलं, अंतारामच्या गिरणीत
पायलीमागं मूठभर पीठ जे दररोज वाऱ्यानं उडते
ते आज उडालंच नाही.
तलाठी साहेबानं सातबारा देला,
त्याच दिवशी, त्याच खुर्चीवरून,
वरून चहा सोताच्या पैशानं.
पंचफुला आजी दारातच बसली, हातपाय गळून:
"देवा, आता काय होते गावाचं!"

कवडूचा भाऊ लटारी.
धुऱ्यावरच्या एका बाभळीसाठी
दोघं अकरा वर्षं कोर्टात.
बाभूळ कधीचीच वाळवीनं खाल्ली,
खटला हिरवागार.
तो लटारी डब्यात अंबाडीची भाजी घेऊन आला
अन् दोघं त्या खुंटावर बसून असे हासले, असे हासले
का तालुक्याचे वकील तिथल्या तिथं बिमार पडले.

अर्ज तिथूनच गेला म्हणतात.
स्टॅम्पवाल्यानं टाइप केला, वकिलानं सही केली.

तीन पांढऱ्या गाड्या आल्या. गावाच्या वेशीवर पिवळी फीत.
भोंग्यावरून सांगणं: हासणाऱ्याच्या दोन मीटर आत
कोणी जाऊ नये.
पोट्टे फितीखालून आरपार पळत,
अन् मोठे डॉक्टर मास्कातून प्रश्न वाचत:
हासू कोरडं का ओलं?
हासल्यावर पोट दुखते का? सोताचं का शेजाऱ्याचं?
घरात आधी कोणाले होतं?
पंचफुला म्हणे, "माह्या सासूले नव्हतं, हे पक्कं लेहा."

विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं.
रिपोर्ट आला: पाणी पिण्यायोग्य नाही.
तो तर दरसालच येते.

शेवटी औषध सापडलं जिल्ह्याच्या साहेबाले.
सोमवारी पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली, घरकुलाची.
एकाआड एक घराचं नाव.
बस. सुई नाही, गोळी नाही.
दुपारी चारपर्यंत गाव खडखडीत बरं.
अंतारामच्या गिरणीत वारा सुटला,
तलाठी साहेब म्हणाले, उद्या या,
पंचफुला आजीनं मारुतीपुढं नारळ फोडला
अन् खोबरं शेजारणीले न देता घरी नेलं.

फीत सुटली. ती पोट्ट्यायनं
ढोक्याच्या म्हशीच्या शिंगाले बांधली.

आता कागद आला: पाठपुरावा करावा. रुग्ण क्रमांक एक.
मी वावरात गेली. तूर पिवळी फुलली होती.
यादीत लटारीचं नाव हाय, कवडूचं नाही,
हे मले ठाऊक.
कवडू खुंटापाशी उभा राहून
लटारीच्या गोऱ्याले पाणी पाजून राह्यला.
म्या पेन काढला.
"आता कसं हाय? हलकं वाटते का अजून?"

त्यानं आधी इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं,
मंग धुऱ्यावरून चाललेल्या
पिवळ्या शिंगाच्या म्हशीकडे पाह्यलं.
"नाही बाई," म्हणे, "सारं जड हाय. लेहा, जड,"
अन् रिकामी बादली
तोंडापुढं धरली.