धूळ फुंकू नका

विट्यात, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात
माझं दुकान: सात बाय नऊ, एक काउंटर,
आणि इर्शाद, जो चहा आणायला गेला की तासाने येतो.

मंगळवारी दुपारी रत्नप्रभा मोहिते आल्या.
लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला,
गरम भाकरी बांधावी तसा.
'बंद केलाच नाही. चालूच आणलाय.
पंखा बघा की कसा ओरडतोय.'

हात ठेवला. की-बोर्डच्या डाव्या अंगाला इस्त्री.
काय काय करता यावर?
'काही नाही. ब्राउझर तेवढा.'
सगळे असंच म्हणतात.

प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्के.
एक्स्टेन्शन उघडली: कूपन शोधणारं, पंचांग दाखवणारं,
एक असं, ज्याचं नावच वाचता येईना.
तिन्ही काढली. चार टक्के उतरले.
कॅशे पुसली, अपडेट मारलं, पुन्हा सुरू केला.
टॅब जिथल्या तिथं परत हजर,
मतदार यादीतल्या मेलेल्या माणसांसारखे.

मागचं झाकण खोललं. पात्यांत
धुळीची घोंगडी, करडी, बोटभर जाड.
ब्लोअर उचलला तशा बाई काउंटरवरून पुढं वाकल्या:
'थांबा. आमच्यात धूळ फुंकून टाकत नाहीत.'
आणि स्वतःच हसल्या.

सासरे मदुराईला होते. मालक सेलमला,
तेजाबाच्या धुरानं गेले. आता मुलगा त्रिचीला.
गलाईचं दुकान झाडलं की माती पोत्यात भरायची,
वर्षानं धुवायची.
गुंजभर का होईना, सोनं निघतंच.

मी धूळ पेपरात बांधून दिली.
त्यांनी पुडी पर्समध्ये ठेवली.
गंमत म्हणून. किंवा नाही.

पंखा तरी तसाच.
मग ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर काढला.
सगळ्यात वर एकच टॅब, डाव्या कडेला पिन केलेला:
एकसष्ट टक्के.

उघडला. एक खोली, वरच्या कोपऱ्यातून.
भट्टी, मूस, चिमटे, तमिळ कॅलेंडर,
आणि पाठमोरा एक पोरगा, बनियनवर, मान खाली.
'धैर्यशील,' त्या म्हणाल्या.
'चोरी होऊ नये म्हणून कॅमेरा लावलाय.'
आवाज?
'आवाज येत नाही. आवाज कशाला पायजे.'

हाच खातोय सगळं, मी म्हणालो. हा बंद केला की झालं.
उत्तर बरोबर होतं.
त्यांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली.
'रात्री पण चालू असतो. दुकानातच झोपतो ना तो.
खोकतोय का, ते खांद्यावरनं कळतं.'

इर्शाद चहा घेऊन आला तो बघतच उभा राहिला.
तिकडं पोरानं पाठ खाजवली.

सेटिंगमध्ये गेलो. हार्डवेअर ॲक्सिलरेशन
कुणीतरी बंद केलेलं. चालू केलं,
चित्राचं ओझं ग्राफिक्सच्या खांद्यावर दिलं.
कॅमेऱ्याची मोठी धार सोडून धाकटी धरली:
सेकंदाला पंचवीस चित्रं होती, पाच केली.
कॅलेंडरवरच्या तारखा गेल्या.
मूस आणि चिमटे एकाच काळ्या ठिपक्यात मिसळले.

खांदे दिसतात का?
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. खूप वेळ.
'एक वाढवा.'
सहा केली.

एकोणीस टक्के. पंखा पायरी पायरीनं उतरला,
आणि सकाळपासून पहिल्यांदा
समोरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू आले.

दोनशे रुपये झाले.
झाकण मिटू नका, झोपी जाईल, मी सांगायला गेलो;
त्या आधीच निघाल्या होत्या,
लॅपटॉप उघडाच, दोन्ही हातांवर, टॉवेल खांद्यावर.

माझं वायफाय रसवंतीच्या खांबापर्यंत पुरतं.
तिथवर तो हलत राहिला असेल.