कल्व्हर सिटीतलं पॅरिस

पॅरिस तिने पहिल्यांदा पाहिलं ते कल्व्हर सिटीत,
एकोणतीस सालच्या मार्चमध्ये, बारा नंबरच्या शेडमागे.
प्लास्टरची गल्ली, पाठीमागून लाकडी टेकू,
पावाचं दुकान, त्यात रंगवलेले पाव,
आणि रस्त्यावरचा दिवा,
जो सुतार खांद्यावर टाकून हवा तिथे नेऊन ठेवायचा.
"घरी आल्यासारखं वाटलं असेल," दिग्दर्शक म्हणाला.
ती हो म्हणाली.
इंग्रजीत तेवढंच येत होतं.

खरी ती आन्नाइक ल गॉफ,
ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची, तारल्यांच्या कारखान्यातली.
घरात ब्रेटन. फ्रेंच शाळेत,
तीही छडीच्या धाकाने.
न्यूयॉर्कला आली दुसऱ्यांची मुलं सांभाळायला
आणि पडद्यावर आली
कारण कुणालातरी तिचं नाक आवडलं.
स्टुडिओने नाव ठेवलं सोलांज द व्हालेर.
मधला 'द' जाहिरात खात्याचा, फुकटातला,
त्याच्यासोबत एक जळालेला राजवाडा.

दोन वर्षं मिस ट्रेडवेल रोज सकाळी
तिच्या ओठांसमोर मेणबत्ती धरायच्या:
ज्योत हलली तर 'ह' उमटला.
एके दिवशी ज्योत हलली,
आणि वरच्या मजल्यावर घबराट.
मग मिस्टर पिंकस, पगार दुप्पट,
काम एकच: ज्योत पुन्हा स्थिर करा.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
तिच्या जिभेला करार होता, सात वर्षांचा.

एकतीस चित्रपट. अकरांत मेली.
चारदा क्षयाने, तीनदा गोळीने, एकदा आगगाडीखाली,
बाकी तीनदा नायकाची अमेरिकन बायको परत आली म्हणून.

हातांचं मात्र कुणालाच काही करता आलं नाही.
मिठाने चिरलेली बोटं,
डाव्या अंगठ्यावर पत्र्याचा व्रण.
म्हणून हातमोजे. नाचताना, जेवताना,
एकदा तर बाळंतपणात.
पेपरवाल्यांनी लिहिलं, याला म्हणतात पॅरिसची अदब.
ओहायोतल्या मुली दुकानांत
कोपरापर्यंतचे मोजे मागू लागल्या.

युद्धानंतर एकदाच गावी गेली.
धक्क्यावरच्या मासेवालीने विचारलं, "तुम्ही कुठल्या, बाई?"
आणि भाव दुप्पट सांगितला.
तिने घासाघीस केली नाही.

हे सगळं मला तिच्या भाचीने नंतर सांगितलं.
मला ती भेटली चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये,
ग्लेंडेलच्या इस्पितळात, खाट सतरा, रात्रपाळी माझी.
सारखी बोलत होती.
फ्रेंच येणारे एक डॉक्टर खालून बोलावले.
त्यांनी कान लावला, मान हलवली:
ही फ्रेंच नव्हे.
मी तक्त्यात लिहिलं: असंबद्ध बडबड.

मग हात पाहिले. उघडे.
चादरीवरून नसलेलं काही उचलत,
नसलेल्या डब्यात लावत,
एकीची मान इकडे, दुसरीची शेपटी तिकडे,
अंगठ्याने दाबून,
आणि दर ओळीला तोंडाने काहीतरी मोजत.

मी देवगडची.
आई सुकवणीला बसायची तेव्हा
तिच्याशी बोललेलं तिला चालत नसे, मोजणी चुकते म्हणून.
मी काही बोलले नाही.
सलाईनची नळी तेवढी हाताआड येत होती, ती बाजूला घेतली.

तक्त्यातली ओळ खोडली.
इंग्रजीत काय लिहावं सुचेना,
घाईत मराठीतच लिहिलं: मासे लावतेय.
सकाळच्या पाळीने विचारलं,
हे कुठलं औषध?