शीग

त्या साली विलायतेतला राजा खुळा झाला होता म्हणे,
राज्य पोराच्या हाती. आम्हाला काय त्याचं.
कोपरीच्या मिठागरात चैत्र तापला होता
आणि बांधावर कंपनीचा कारकून छत्रीखाली बसला होता,
छत्री धरणारा उन्हात.

मापाला गोमा. खाडीपल्याड घणसोलीचा,
म्हणजे पेशव्यांच्या मुलखातला,
पोटासाठी रोज होडीने कंपनीत यायचा.
फरा भरायचा, वर शीग चढवायचा, ओरडायचा, "एक!"
एकात सव्वा जायचं.
सगळ्यांना ठाऊक. सगळे आपापल्या टाचेच्या भेगा बघत उभे.

माझी बहीण चांगी फावडं टाकून पुढे आली.
"तुज्या फऱ्याला पोट हाय रं," म्हणाली,
"आन त्या पोटात आमचा मीठ."
बापाने कपाळाला हात लावला,
हाताचं मीठ डोळ्यात गेलं.
कारकून हसला. हिला कोण नांदवणार?
"तुला पुसलंय कुनी?" चांगी म्हणाली.

मी नऊ वर्षांची, डोक्यावर पाण्याचं मडकं,
मान वळवता येत नव्हती. समोर फक्त गोमा.
त्याने फरा उचलला, उलटा आपटला,
मग आतला तळ सगळ्यांना दाखवला,
खरवडलेला, लाकूड अजून पांढरं.
"मीच खरवरलाय," म्हणाला.

दिवस मावळायच्या आत चाकरी गेली. होडी राहिली.

चांगीला त्याआधी तीन स्थळं आली होती.
तिन्ही जेवून गेली, फिरकली नाहीत.
एकाला तिने विचारलं होतं,
तुजी आय बोलते तवा तू कुठं बघतंस?

अमावास्येच्या भरतीला ती बंदरावर गेली.
मला सोबत नेलं, लोकांनी बोलू नये म्हणून.
मी शिंपल्या वेचल्या आणि सगळं ऐकलं.
"तू चोर हायस."
"व्हतो."
"आन मी भांडखोर."
"हायस," गोमा म्हणाला.

एवढंच. पण ती हसली,
आणि मला कळलं की आता घरात
फावडं मारायला एक हात कमी होणार.

वऱ्हाडाची होडी खाडीच्या मधोमध आली,
मागे कंपनी, पुढे पेशवे,
खाली कुणाचंच नसलेलं खारं पाणी.
बायांनी धरलं, नाव घे, नाव घे.
चांदीचं ताट नाही, रुप्याची वाटी नाही,
यमक नाही की लाजणं नाही.
"गोमा," चांगी म्हणाली,
बांधावरून हाक मारावी तसं.
म्हाताऱ्यांचे पदर तोंडाला गेले. वल्हं थांबलं.

गोमाने ओ दिली.

तो फरा कारकुनाने फेकला होता, मी उचलून आणला.
अजून आहे. त्यात कोंबडी बसवते.
पोट मोठं आहे मेल्याचं,
चौदा अंडी सहज मावतात.